चांगल्या स्पीडचा दाखला

टोरांटोजवळच्या ब्रॅम्पटनमध्ये कुठल्याही मराठी घरी जेवायला गेलो, की वरणभात पानात पडायच्या आत कोणीतरी माझ्यापुढे फोन धरतं. "काका, हे बघा. प्लॅन एक गिगचा, म्हणजे हजाराचा घेतलाय आणि दाखवतंय दोनशे ऐंशी." शेजारचा लगेच आपला फोन बाहेर काढतो. घर तेच, वाय-फाय तेच, पण टेस्ट दुसरी. त्याला साडेपाचशे दिसतात. मग तिसऱ्याला राहवत नाही. पाच मिनिटांत सगळी मंडळी फोन पुढे धरून खोल्याखोल्यांतून फिरायला लागतात, भात गार होतो आणि यजमानीणबाई माझ्याकडे अशा बघतात, की जणू हे सगळं मीच घडवून आणलं. माझी बायको तर आता निघतानाच बजावते, की नोकरीचा विषय काढू नका. मी काढत नाही. तो निघतोच.

दोन वर्षांपूर्वी मी निवृत्त झालो. त्याआधी एकोणीस वर्षं एका इंटरनेट कंपनीत घरोघर जाऊन लाईन दुरुस्त करायचं काम केलं. कंपनीचं नाव सांगत नाही. पेन्शन तिथूनच येते. सांगलीला टेलिफोन खात्यात होतो तेव्हा माझ्या हाताखाली चार माणसं होती आणि शिडी ती उचलायची. इथे शिडी मी उचलली. बुटांवर निळे प्लास्टिकचे मोजे चढवायचे, दारावरची बेल वाजवायची आणि हसतमुखाने आत शिरायचं. याबद्दल माझी तक्रार नाही. कामात मी वाकबगार होतो. भिंतीतून आलेली केबल नुसती चिमटीत धरून हलवली, तरी जोड कुठे सैल आहे ते मला कळायचं. खारीने कुरतडलेली वायर आणि शेजाऱ्याच्या फावड्याने तुटलेली वायर यांतला फरक मी बर्फातून हात घालून सांगत असे.

या अंकाच्या संपादकांनी मला पत्रात लिहिलं, की गमतीदार अनुभव असतील तर आवर्जून लिहा. गमतीदारही थोडे सांगतो. पण ज्या एका कामासाठी मी लिहायला बसलो, ते गमतीदार नाही. आधीच सांगून ठेवलेलं बरं.

पहिल्यांदा जेवणाच्या पानावरचा तो प्रश्न निकालात काढू. एकाच घरात दोन टेस्ट दोन आकडे का दाखवतात? टेस्ट म्हणजे काय, तर तुमचा फोन लांबच्या एखाद्या कॉम्प्युटरकडून ढीगभर माहिती मागवतो आणि ती यायला किती वेळ लागला ते मोजतो. आता तो लांबचा कॉम्प्युटर नेमका कुठे बसलाय, यावर निम्मा निकाल ठरतो. टोरांटोत असला तर एक आकडा, शिकागोत असला तर दुसरा. काही टेस्ट एकाच वेळी आठ-दहा नळ सोडून पाणी भरतात, काही एकाच नळाने भरतात. काही टेस्ट सुरुवातीचा अडखळणारा भाग टाकून देतात आणि सर्वांत जोरात वाहिलं तेवढंच मोजतात. शिवाय तुम्ही फ्रिजला टेकून उभे आहात की राऊटरशेजारी, फोन पाच वर्षांचा आहे की नवा, सकाळ आहे की संध्याकाळ, आणि वर मुलगी त्याच वेळी सिनेमा बघतेय का, हेही त्यात येतं.

पण यातली सर्वांत मोठी गोष्ट कंपनीवाले सांगत नाहीत, म्हणून मी सांगतो. कंपनीची स्वतःची जी टेस्ट असते, तिचा कॉम्प्युटर कंपनीच्याच इमारतीत असतो. ती टेस्ट तुमच्या घरापासून कंपनीच्या दारापर्यंतचा रस्ता मोजते. तुम्हाला मात्र जायचं असतं दाराच्या पलीकडे. तुमची बँक, तुमचं ऑफिस, भारतातल्या आईचा व्हिडिओ कॉल, हे सगळं दुसऱ्यांच्या जाळ्यांत असतं. कंपनीच्या जाळ्यातून दुसऱ्याच्या जाळ्यात जायला ठरावीक दारं असतात आणि संध्याकाळी सगळं गाव घरी आलं, की त्या दारांत चेंगराचेंगरी होते. बाहेरच्या टेस्टला ती गर्दी लागते. कंपनीची टेस्ट त्या दारापर्यंत जातच नाही, त्यामुळे तिला सदैव सगळं छान दिसतं. दोन्ही टेस्ट आपापल्या परीने खऱ्याच असतात. तुमच्या कामाची कोणती, हे मात्र तुम्हाला कोणी सांगत नाही.

आता गमतीदार. कॅसलमोरच्या बाजूला एक सरदारजी होते, ट्रकचा धंदा. त्यांची तक्रार अशी, की दिवसभर स्पीड कमीच. मी गेलो तर घरात सहा फोन आणि प्रत्येकावर टेस्ट चालू. घरातल्या प्रत्येकाला त्यांनी नेमून दिलं होतं, की दर दहा मिनिटांनी टेस्ट घ्यायची आणि आकडा ओरडून सांगायचा. मी म्हटलं, पाजी, आप सब एक साथ नापेंगे तो एक-दूसरे का ही पानी पी जाएँगे. एकेकाला थांबवत गेलो तसतसा उरलेल्याचा आकडा वाढत गेला. शेवटचा फोन त्यांच्या आईच्या हातात होता. तिला काही केल्या थांबायचं नव्हतं, कारण तिचाच आकडा सर्वांत मोठा येत होता.

दुसरे इनामदार डॉक्टर. सत्तर सालाच्या आसपास इकडे आलेल्या पहिल्या मराठी मंडळींपैकी, निवृत्त भूलतज्ज्ञ, बायको गेल्यावर मोठ्या घरात एकटे. त्यांनी वही केली होती. सकाळ, दुपार, संध्याकाळ, चार वेगवेगळ्या टेस्ट, लाल-निळ्या पेनाने आलेख. मी कंपनीची टेस्ट घेऊन हिरवा आकडा दाखवला, की ते चष्म्यावरून बघायचे आणि म्हणायचे, "अरे, पेशंट शांत झोपलेला असताना बीपी घेऊन तू मला सांगतोस की तो जिना चढू शकेल?" मी हसून वेळ मारून नेत असे. चांगला चहा द्यायचे. त्यांची वही मी कधी शेवटपर्यंत वाचली नाही, याचं आज वाईट वाटतं. तीन हिवाळ्यांची ती वही कंपनीतल्या एखाद्या शहाण्याने वाचली असती, तर संध्याकाळचं ते दार कधी भरायला लागलं ते तारीखवार कळलं असतं.

पण आमच्या कामात वहीला जागा नव्हती. आमच्याकडे टॅबलेट असे. काम संपलं की त्यावर टेस्ट घ्यायची, कंपनीचीच, दुसरी चालत नसे. हिरवी खूण आली तरच टिकेट, म्हणजे तक्रारीची नोंद, बंद होई. बंद करताना कारण निवडायचं. चारच कारणं होती: लाईन दुरुस्त केली, ग्राहकाचं उपकरण सदोष, ग्राहकाचं वाय-फाय कमकुवत, दोष आढळला नाही. 'दोष आमच्या दारात आहे' असं पाचवं कारण नव्हतं. एकोणीस वर्षांत मी ते कुणी मागितल्याचंही ऐकलं नाही. मीही मागितलं नाही.

शिवाय रिपीटची भानगड. तुम्ही जाऊन आलात आणि महिन्याच्या आत त्याच घरातून पुन्हा तक्रार नोंदली गेली, तर ती तुमच्या नावावर रिपीट म्हणून पडायची. डेपोत भिंतीवर सगळ्यांची यादी लागे. माझं नाव नेहमी वरच्या तिघांत असे आणि त्याचा मला अभिमान होता. यातलं इंगित आता सांगायला हरकत नाही. आपल्या माणसाचं घर असलं, मराठी, गुजराथी, कोणीही, तर निघताना मी माझा स्वतःचा मोबाईल नंबर देऊन यायचो. "कंपनीला फोन करत बसू नका, तासभर गाणी ऐकवतील. मला करा." लोकांना वाटे, काका किती चांगले. चांगला मी होतोही, रविवारी सुट्टीच्या दिवशीसुद्धा गेलोय. पण त्यामुळे त्यांची तक्रार कुठे नोंदली जात नसे, हेही मला पक्कं माहीत होतं.

केतकीच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तो नोव्हेंबर होता. बेसमेंटमध्ये राहायची, बाजूच्या दाराने खाली उतरायचं. मूळ यवतमाळची, वय एकोणतीस. इथे कॉलेजला आली, शिकताना वेअरहाऊसमध्ये खोकी उचलली आणि नंतर तिला जी नोकरी लागली, तिचं मला कौतुक वाटलं. दुभाष्याची नोकरी. दूर पश्चिमेला असलेल्या रेजिना शहरातल्या दवाखान्यांत कोणी हिंदी किंवा मराठीच बोलणारा म्हातारा पेशंट आला, की डॉक्टर व्हिडिओवर हिला बोलवायचे. डॉक्टरचं म्हणणं पेशंटला, पेशंटचं डॉक्टरला. बसायची मात्र ब्रॅम्पटनच्या बेसमेंटमध्ये, पाठीमागे घर तापवायचा फर्नेस दिसू नये म्हणून जुनी बेडशीट टांगून.

तिची तक्रार एकच होती. संध्याकाळी कॉल मध्येच तुटतात. माझी नेहमीची कारणं तिच्यापुढे चालली नाहीत. वाय-फायवर नव्हती, ऑफिसच्या नियमाप्रमाणे लॅपटॉपला वायर लावलेली होती. लॅपटॉप नवा होता. मी सकाळी दहा वाजता गेलो होतो. टेस्ट घेतली, नऊशे तीस आले. बाहेरच्या डबीतला एक जोड गंजलेला सापडला, तो बदलला, 'लाईन दुरुस्त केली' निवडून टिकेट बंद केलं. तोवर तिने कोथिंबिरीची सांबारवडी तळली होती. मी दोन खाल्ल्या, नंबर दिला आणि निघालो. तिची शिफ्ट दुपारी चारनंतर सुरू होते, रेजिनाचं घड्याळ आपल्या तासभर मागे असल्याने तिकडचे दवाखाने मिटेपर्यंत इकडे चांगली संध्याकाळ होते, हे तिने मला सांगितलं होतं. सकाळी घेतलेल्या टेस्टला तिच्या दृष्टीने काही अर्थ नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. खरं म्हणजे कळलंच होतं.

आठवड्याने तिचा फोन आला, माझ्या नंबरवर. मी शिफ्ट संपवून घरी जाताना तिच्याकडे उतरलो. सात वाजून गेले होते, तिची मधली सुट्टी चालू होती. ती एका बाजूला सरकून बसली आणि मी तिच्याच लॅपटॉपवर दोन्ही टेस्ट घेतल्या. कंपनीची: नऊशे अठ्ठावीस. बाहेरची: एकतीस. पुन्हा घेतली: एकोणीस, आणि मध्ये चक्क दोन सेकंद काहीच नाही. एवढं बघितल्यावर ज्याने हे काम केलंय, त्याला पुढे काही विचारावं लागत नाही. तिच्या घरापासून आमच्या इमारतीपर्यंत रस्ता मोकळा होता आणि आमच्या दारात कोंडी होती.

तिथूनच मी कनाटा गावच्या आमच्या कचेरीत फोन लावला. तिथे कंपनीच्या मोठ्या नेटवर्क खोलीत माझ्या ओळखीचा एक जण होता. तो म्हणाला, हो, ते दार दसऱ्यापासून संध्याकाळी भरतंय, वाढवायचं ठरलंय, मार्चपर्यंत होईल. आणि तू कुठे लिहू-बिहू नकोस, वरून अजून कोणी कबूल केलेलं नाही. मी बरं म्हणून फोन ठेवला.

केतकी माझ्या तोंडाकडे बघत होती. मग तिने त्याच दिवशी घडलेलं सांगितलं. रेजिनाला एक आजी, जळगावकडच्या, मुलगा कामावर गेलेला, तपासणीचा निकाल ऐकायला एकट्या बसल्या होत्या. डॉक्टर सांगत होती, की गाठ आहे, पण साधी आहे, काढायचीही गरज नाही. केतकीने 'गाठ आहे' एवढं मराठीत सांगितलं आणि लाईन गेली. परत जोडायला सात मिनिटं गेली. "सात मिनिटं ती आजी तशीच बसून होती काका. मी परत आली तर तिनं मुलाचा नंबर हातात काढून ठेवला होता. बोलता येत नव्हतं तिला."

मग तिने माझ्याकडचं काम सांगितलं. ऑफिसने तिच्याकडे कागद मागितला होता. इंटरनेट कंपनीकडून लाईनच्या स्थितीबद्दल लिहून आणा. मी टॅबलेटवरून रिपोर्ट काढला, त्याला तक्रार नोंदवावी लागत नसे, आणि व्हॅनमधल्या छोट्या प्रिंटरवर छापला. नऊशे अठ्ठावीस, हिरवी खूण, 'दोष आढळला नाही', खाली माझी सही आणि क्रमांक. सुबक कागद होता.

तिने तो वाचला. "आणि हे एकोणीस?"

"ते बाहेरचं आहे. त्याच्याकडे लक्ष देऊ नको."

"पण काका, जे आहे तेच लिहिलं तर नाही चालणार? खालीच, पेनानं?"

मी हसलो. ते हसणं मला आजही ऐकू येतं. म्हणालो, "पोरी, कमी मार्कांची मार्कशीट कोणी अर्जाला जोडतं का? ऑफिसला चांगलाच कागद द्यावा."

आपण लोक असेच वाढलो. दाखला म्हणजे चांगलाच हवा. वर्तणुकीचा, वैद्यकीय, अनुभवाचा, कुठलाही असो. देणाऱ्याने हात सैल सोडावा आणि घेणाऱ्याने आभार मानावेत. कागद कशासाठी हवाय हे मी तिला विचारलंच नाही. मी तिच्यावर मेहरबानी करतोय असंच मला वाटत होतं. आणि ती मेहरबानी माझ्या सोयीची होती, हेही इथे लिहिलं पाहिजे. पेनाने एकोणीस लिहिलं असतं, तर तो कागद फिरत फिरत माझ्या सुपरवायझरच्या टेबलावर आला असता. तिने आभार मानले. काका म्हणतात म्हणजे बरोबरच असेल, असं तिला वाटलं असणार.

डिसेंबर-जानेवारीत तिचे आणखी चार-पाच फोन आले. प्रत्येक वेळी मी तिला काही ना काही करायला लावलं. मोडेम बंद करून चालू कर, वायर बदल, दुसऱ्या खोलीत बस. दुसरी खोली तिच्याकडे नव्हती. एकदा तर नवा मोडेमच नेऊन दिला, माझ्या साठ्यातला. दोष मोडेममध्ये नाही हे ठाऊक असताना दिला. काहीतरी केल्यासारखं वाटावं म्हणून, तिलाही आणि मलाही. कंपनीला फोन कर, रोज कर, भांडण कर, हे सांगायचं मात्र मी टाळलं. मार्चला होईल ठीक, असं मनाशी म्हणत राहिलो.

फेब्रुवारीच्या शेवटी एका सकाळी टॅबलेटवर तिचा पत्ता आला. कनेक्शन बंद, मोडेम परत आणणे.

मी खाली उतरलो तेव्हा बेडशीट काढलेली होती आणि फर्नेस उघडा दिसत होता. दोन बॅगा भरलेल्या, एक अर्धी. मोडेम तिने वायरी गुंडाळून टेबलावर तयार ठेवला होता. मला वाटलं घर बदलतेय. विचारलं, कुठे निघालीस? ती म्हणाली, यवतमाळला. मग तिने फोनवर एक पत्र काढून माझ्यापुढे धरलं.

पत्र तिच्या ऑफिसचं होतं. त्यात जे लिहिलं होतं ते मला दोनदा वाचावं लागलं. त्यांच्याकडे नियम असा होता, की इंटरनेट कंपनीने दोष मान्य केला तर तुटलेले कॉल दुभाष्याच्या नावावर धरायचे नाहीत. लाईन नीट होईपर्यंत दुभाष्याला दुसरं काम द्यायचं. पण केतकीने स्वतः आणलेल्या कागदात लाईन निर्दोष होती. म्हणजे कॉल तिने तोडले. अवघड वाटले ते कॉल तिने मुद्दाम सोडले, असा त्याचा अर्थ लावला होता. पेशंटला अर्ध्यावर टाकणं हा त्यांच्या लेखी सर्वांत मोठा गुन्हा. खाली माझ्या रिपोर्टचा क्रमांक होता. नोकरीचे दहा महिने झाले होते. कायम वास्तव्याचा अर्ज करायला बारा पुरे लागत होते आणि तिचं वर्क परमिट एप्रिलच्या शेवटी संपत होतं. तेवढ्यात दुसरी तसलीच नोकरी कोण देणार आणि राहिलेले दोन महिने कधी भरणार?

मी म्हटलं, तुझ्या तक्रारींची नोंद दाखवायची ना त्यांना. तू इतक्या वेळा तक्रार केलीस.

"दाखवणार होती. तुमच्या कंपनीला फोन केला. ते म्हणाले, नोव्हेंबरमध्ये एकच तक्रार आहे आणि ती सुटली. नंतर तुम्ही तक्रार केलीच नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "केली होती ना काका. तुमच्याकडे."

तिच्या आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं. मी खुर्चीत बसलो. मग तिला सगळं सांगितलं: कनाटाचा फोन, ते दार, मार्च. मला हे नोव्हेंबरपासून माहीत होतं, हेही सांगितलं. ती ऐकत होती आणि हाताने अर्ध्या भरलेल्या बॅगेतले कपडे सारखे करत होती.

"मग ते एकोणीस काहून नाही लिहिलं?"

"कागद चांगला दिसावा म्हणून."

"मला चांगला नको होता," ती म्हणाली. "मी खोटी नाही एवढंच लिहून पाहिजे होतं."

मी व्हॅनमध्ये जाऊन सुपरवायझरला फोन केला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याशी आवाज चढवून बोललो. तो शांतपणे म्हणाला, नेटवर्कबद्दल लेखी मत द्यायचा अधिकार टेक्निशियनला नाही, टिकेट बंद कर आणि पुढच्या पत्त्यावर जा. कनाटाच्या ओळखीच्याने फोन उचललाच नाही. मी परत खाली गेलो आणि केतकीला म्हटलं, कंपनीचा कागद मिळत नाही. पण मी साध्या कागदावर लिहून देतो, माझ्या नावाने, दोन्ही आकडे घालून. तू तुझ्या ऑफिसला पाठव. मला काढायचं तर काढू देत.

ती म्हणाली, "आता त्यानं काय होते काका. अपील करायला दहाच दिवस होते, ते गेले. तिकीट परवाचं आहे."

मी टॅबलेट बाहेर काढला. मोडेम पिशवीत घातला, तिची टॅबलेटवर सही घेतली. दाराशी गेलो तेव्हा तिने मागून हाक मारली. म्हणाली, "तो कागद द्याच लिहून. पण मराठीत द्या. आईला इंग्रजी येत नाही."

मी मागे वळलो. ती पहिल्यांदाच रडत होती. आईला तिने सगळं फोनवर सांगितलं होतं. पण इंटरनेट, टेस्ट, दार, हे त्या माउलीला काय कळणार? तिच्या डोक्यात एवढंच राहिलं, की पोरीने आजारी माणसांचे फोन मध्येच ठेवले म्हणून तिला काढलं. "तिनं मला विचारलं, कंटाळा करत होती का तू? म्हाताऱ्या माणसांशी बोलायचा?"

मी पुन्हा खुर्चीत बसलो. तिने वहीचा कागद फाडून दिला. एकोणीस वर्षांत मी हजारो रिपोर्ट भरले, सगळे इंग्रजीत, सगळे चार कारणांतलं एक निवडून. मराठीत काय लिहायचं ते पटकन सुचेना. शेवटी टेस्ट, वेग, आकडे सगळं सोडून दिलं आणि जे त्या बाईला कळेल तेवढंच लिहिलं. सौ. ताई, नमस्कार. मी इथे इंटरनेट दुरुस्तीचं काम करतो. तुमच्या मुलीने एकही फोन स्वतः ठेवला नाही. फोन आमच्या कंपनीच्या दोषामुळे तुटत होते. ती दर वेळी पुन्हा जोडायची धडपड करत होती. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं आणि तेव्हा लिहून दिलं नाही, म्हणून तिची नोकरी गेली.

केतकीने कागद घेतला आणि उभ्याउभ्याच वाचला. मग माझ्यापुढे परत धरला आणि बोट ठेवून म्हणाली, "हे शेवटचं खोडून टाका काका. आईला तुमचा राग येईल."

मी म्हटलं, येऊ दे. आणि खाली सही केली.